मौन आणि काम : फिनलंडमधील विद्यार्थी-चित्रपट व स्वतंत्र चित्रपट यांतील व्यक्तिसंबंध

१

फिनलंडच्या चित्रपटांविषयी लिहिताना समीक्षकांच्या लेखणीतून एक विधान हमखास उतरते : या चित्रपटांतील माणसे बोलत नाहीत. दीर्घ हिवाळा, विरळ वस्ती, अरण्ये आणि सरोवरे यांचा उल्लेख करून या अबोलपणाचे मूळ राष्ट्रीय स्वभावात शोधले जाते. आणि एकदा ते तेथे सापडले, की अबोलपणा हाच या चित्रपटांचा कलागुण ठरून जातो. आकी काउरिस्मॅकी यांच्या चित्रपटांना जगभर मान्यता मिळाल्यामुळे हा समज अधिकच दृढ झाला आहे. निर्विकार चेहरा, दोन-तीन शब्दांचे उत्तर आणि सिगारेटचा धूर एवढ्या सामग्रीवरून चित्रपट ‘फिनिश’ आहे असे ओळखण्याची प्रेक्षकांना सवयच लागली आहे.

या समजात तथ्याचा अंश नाही असे नाही. परंतु समीक्षेचे साधन म्हणून तो फारसा उपयोगी पडत नाही. हवामानाने कलाकृतीचा घाट ठरतो असे म्हणणे म्हणजे कलावंताने केलेली निवड नाकारणे होय. शिवाय, मौन हा स्वतःच गुण मानला की दोन महत्त्वाचे प्रश्न विचारायचे राहून जातात. माणसे बोलत नसतील, तर त्यांचा अंतर्गत संघर्ष आणि त्यांचे परस्परसंबंध प्रेक्षकापर्यंत पोचतात ते कशाच्या द्वारे? आणि एकाने मौन पाळले, तर त्या मौनाचा भार उचलतो कोण? पहिला प्रश्न तंत्राचा दिसतो आणि दुसरा नीतीचा. परंतु फिनलंडमधील विद्यार्थी-चित्रपट व अल्प साधनांत निर्माण झालेले स्वतंत्र चित्रपट नीट पाहिले असता हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत असे आढळून येते. या चित्रपटांत शब्दांची जागा मौनाने नव्हे, तर कामाने घेतली आहे. आणि ते काम कोणाच्या वाट्याला येते यावरून तेथील नात्यांची परीक्षा होते.

२

हे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी प्रथम या चित्रपटांच्या जन्माची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. फिनलंडची लोकसंख्या आजही सुमारे ५६ लाख आहे. एवढ्याशा भाषिक समाजात चित्रपटधंदा दीर्घकाळ चालला तो सुओमी-फिल्मी, सुओमेन फिल्मितेओल्लिसूस आणि फेन्नादा-फिल्मी या तीन मोठ्या कंपन्यांच्या आधारावर. दूरचित्रवाणीचा प्रसार झाला तसा या व्यवस्थेचा पाया खचला. १९६३ ते १९६५ या काळात नटांचा संप झाला आणि १९६५ मध्ये सुओमेन फिल्मितेओल्लिसूस या कंपनीचे दिवाळे निघाले. जुनी व्यवस्था मोडत असतानाच नवी उभी राहत होती. हेलसिंकीच्या उपयोजित कलाविद्यालयात १९५९ पासून चित्रपटकलेचे शिक्षण सुरू झाले होते. २०१० पासून ही शाखा आल्तो विद्यापीठात समाविष्ट झाली. १९६९ मध्ये चित्रपटांना साहाय्य करणारे राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि १९७० पासून तांपेरे येथे लघुपटांचा महोत्सव भरू लागला.

या तीन संस्थांमुळे चित्रपटाच्या आशयावर जो परिणाम झाला तो लक्षणीय आहे. मोठे सेट, गर्दी, ऐतिहासिक पोशाख हे सर्व विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्याच्या हाती असतात दोन-तीन नट, एखादे घर, एखादा रस्ता आणि थोडी मिनिटे. एवढ्या अवकाशात पात्राचा पूर्वेतिहास सांगता येत नाही. पात्राला कोणत्या तरी एका ठरावीक कामात गुंतलेले दाखवणे आणि त्या कामात अडथळा आणणे, हा त्यावरील सर्वांत काटकसरीचा उपाय होय. अशा रीतीने साधनांच्या टंचाईतून एक पद्धती उदयास आली. ती पद्धती पुढे पूर्ण लांबीच्या चित्रपटांतही टिकून राहिली, यावरून ती केवळ नाइलाजाची नव्हती हे सिद्ध होते.

या पद्धतीचा पहिला परिपक्व आविष्कार म्हणून रिस्तो यार्वा यांच्या १९६७ मधील ‘ट्योमिएहेन पॅइव्हॅकिर्या’ म्हणजे ‘कामगाराची रोजनिशी’ या चित्रपटाकडे बोट दाखवता येईल. यार्वा हे तंत्रविद्या विद्यापीठाचे विद्यार्थी. तेथील विद्यार्थ्यांच्या चित्रपट-मंडळातून ते या क्षेत्रात आले. प्रस्तुत चित्रपटातील युहानी हा वेल्डिंग करणारा कामगार आहे, आणि त्याची पत्नी रित्वा मध्यमवर्गातून आलेली आहे. १९१८ च्या यादवी युद्धाने फिनिश समाजात पाडलेली दुफळी त्यांच्या संसाराच्या पायाशी आहे. यार्वांनी ही दुफळी वादविवादातून मांडण्यापेक्षा दोघांच्या दिवसांच्या वेगळ्या आकारातून मांडली : त्याचे काम कोठे, तिचे काम कोठे, आणि दिवसाच्या शेवटी उरलेला वेळ कोणाचा. ‘रोजनिशी’ हे नावच बोलके आहे. रोजनिशीत भावनांपेक्षा घटनांची नोंद अधिक असते. वाचणाऱ्याने भावना त्या नोंदींतून उकलायच्या असतात.

याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे असेल तर १९८१ मधील ‘व्हालेहतेलिया’ म्हणजे ‘खोटारडा’ हा चित्रपट पाहावा. म्यूनिकच्या चित्रपट-विद्यालयातील शिक्षण पूर्ण करताना मिका काउरिस्मॅकी यांनी तो केला. त्याच्या लेखनात त्यांचे बंधू आकी यांचा वाटा होता आणि नायकाची भूमिकाही आकींनीच केली. हा नायक अबोल नाही. तो अखंड बोलतो, मैत्रिणींशी आणि मित्रांशी थापा मारतो आणि हेलसिंकीच्या रस्त्यांतून भटकतो. त्याला काम मात्र काहीच नाही. त्याच्या शब्दांना आधार देणारी एकही कृती त्याच्या हातून घडत नसल्यामुळे ते शब्द हवेत विरतात. ज्या काउरिस्मॅकींचे नाव पुढे अबोलपणाशी जोडले गेले, त्यांच्या वाटचालीच्या आरंभीच असा वाचाळ नायक उभा आहे, ही गोष्ट राष्ट्रीय स्वभावाच्या सिद्धांताला अडचणीची आहे. मौन ही विचारपूर्वक केलेली निवड होती. आणि ती शब्दांवरील अविश्वासातून झाली होती, असे यावरून अनुमान करता येते.

३

भावना तिच्या नावाने सांगू नये, हे तत्त्व भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना नवे नाही. रस किंवा स्थायिभाव यांचा स्वशब्दाने उल्लेख करणे हा मम्मटाने रसदोषांत गणला आहे. विभाव आणि अनुभाव यांच्या योजनेतूनच भाव प्रतीत झाला पाहिजे, अशी ही भूमिका आहे. फिनिश चित्रपटांच्या संदर्भात ही परिभाषा उपयोगी पडते. मात्र एक भेद विसरता कामा नये. शास्त्रातील अनुभाव हा भावाचा परिणाम असतो : अश्रू, कंप, कटाक्ष. या चित्रपटांतील काम हे भावाचा परिणाम नसते. ते भावाच्या आधीपासून तेथे असते, भावाला अडवते, आणि त्या अडवणुकीतूनच भावाला आकार येतो.

युहो कुओस्मानेन यांच्या चित्रपटांत ही प्रक्रिया सर्वांत स्पष्टपणे पाहावयास मिळते. विद्यार्थिदशेत त्यांनी केलेल्या दोन चित्रपटांची नावेच व्यवसायांची आहेत. ‘केस्तोमेर्कित्सियॅत’ (२००७) म्हणजे रस्त्यावर रंगाचे पट्टे आखणारे, आणि ‘ताउलुकाउप्पियात’ (२०१०) म्हणजे चित्रे विकणारे. पहिल्याला २००८ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात पारितोषिक मिळाले. सुमारे तासाभराचा दुसरा चित्रपट २०१० मध्ये त्याच विभागात पहिला आला. ऐन हिवाळ्यात दारोदार चित्रे विकत हिंडणे हे काम स्वभावतःच दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचे आहे. नकार पचवणे हा त्या कामाचाच भाग असल्यामुळे, नात्यांतील नकार दाखवण्यासाठी दिग्दर्शकाला वेगळी योजना करावी लागत नाही.

‘हिम्युइलेव्हॅ मिएस’ म्हणजे ‘हसणारा माणूस’ हा कुओस्मानेन यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २०१६ मध्ये आला, आणि कान येथील ‘अँ सेर्तें रगार’ विभागाचे मुख्य पारितोषिक त्याला लाभले. कथावस्तू इतिहासातील आहे. १७ ऑगस्ट १९६२ रोजी हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ओल्ली मॅकी हा फिनिश मुष्टियोद्धा अमेरिकन विश्वविजेत्या डेव्ही मूरशी लढला आणि दुसऱ्याच फेरीत पराभूत झाला. चित्रपट या सामन्याच्या पूर्वीच्या दिवसांचा आहे. सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर त्याचे छायालेखन झाले असल्यामुळे त्याला त्या काळातील वृत्तपटाचे रूप आले आहे.

ओल्लीपुढचे काम अगदी नेमके आहे : वजन उतरवणे. जो गट त्याच्या देहाला मानवत नाही त्या गटात त्याला बसवण्यात आले आहे, आणि त्यासाठी त्याला धावावे, घाम गाळावा, उपाशी राहावे लागते. याच दिवसांत तो राइयाच्या प्रेमात पडतो. क्रीडापटात प्रेम हे नायकाला बळ देते, असा संकेत आहे. येथे त्या संकेताची उलटापालट होते. प्रेमाने ओल्ली हलका होतो, पण तराजूवर नव्हे. त्याचा व्यवस्थापक एलिस आस्क याच्या लेखी हे प्रेम म्हणजे वेळापत्रकातील एक व्यत्यय होय. ओल्लीच्या भोवती सतत कॅमेरे आहेत. त्याच्यावर माहितीपट काढला जात आहे आणि त्यासाठी त्याला राष्ट्रीय वीराचा अभिनय करावा लागतो. जे काम करण्यास तो समर्थ आहे ते, आणि जे काम लोक त्याच्याकडून करवून घेत आहेत ते, यांतील अंतर हाच या चित्रपटाचा खरा विषय आहे. सामन्यातील पराभव अल्पावधीत आटोपतो. दिग्दर्शकाने त्याला शोकाचे रूप दिले नाही. कारण ओल्लीच्या दृष्टीने त्या दिवसाचे महत्त्व वाङ्‌निश्चयात आहे. अखेरीस बंदराच्या काठाने एक वृद्ध जोडपे त्या तरुण जोडप्याच्या बाजूने जाते. ते प्रत्यक्षातील ओल्ली आणि राइया आहेत. त्या दृश्यावर भाष्य केलेले नाही. परंतु अर्धशतकाहून अधिक काळ टिकलेल्या संबंधाचा पुरावा म्हणून केवळ चालणारी दोन माणसे दाखवावीत, यात या पद्धतीचे मर्म आले आहे.

एलिस आस्कचे पात्र येथे दुर्लक्षून चालणार नाही. तो खलपुरुष नाही. स्वतःच्या संसाराची ओढाताण होत असताना त्याने हा सामना उभा केला आहे, आणि या खटाटोपाचा ताण त्याच्या बायकामुलांवरही पडतो आहे. ओल्लीच्या निष्पाप मुक्ततेची किंमत अंशतः या कुटुंबाने चुकती केली आहे, ही जाणीव चित्रपट पुसून टाकत नाही. दुसरा प्रश्न, म्हणजे भार कोणावर, येथूनच उपस्थित होतो.

४

या प्रश्नाला थेट भिडण्याचे श्रेय प्रामुख्याने स्त्री-दिग्दर्शकांकडे जाते. सेल्मा व्हिल्हुनेन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि किर्सिक्का सारी यांनी लिहिलेल्या २०१२ मधील लघुपटाचे नाव ‘पितॅक्यो मुन काइक्की होइता?’ असे आहे. ‘सगळं मीच बघायचं का?’ हा त्याचा अर्थ मराठी घरातही वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. हा चित्रपट सुमारे सात मिनिटांचा आहे, आणि २०१४ च्या ऑस्कर पारितोषिकांसाठी त्याला लघुपट-विभागात नामांकन मिळाले होते. लग्नाला जाण्यास उशीर झालेले एक कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुली, घाईघाईने तयार होते. कपडे सापडत नाहीत, भेटवस्तू सापडत नाही, आणि प्रत्येक अडचण शेवटी आईपाशी येऊन थांबते. धावतपळत सर्वजण चर्चमध्ये पोचतात, तो तेथे अंत्यविधी चाललेला असतो.

वरवर पाहता हा प्रहसनाचा प्रकार आहे. परंतु त्याची रचना तपासली असता असे दिसते, की येथे नवराबायकोचे भांडण नाही, परस्परांविषयी द्वेष नाही, किंबहुना प्रेमाचा अभावही नाही. नवरा दुष्ट नाही. तो फक्त निश्चिंत आहे, आणि त्याची ही निश्चिंती पत्नीच्या दक्षतेवर पोसली गेली आहे. इतर चित्रपटांत ज्याला पुरुषाचे शांत, अबोल व्यक्तिमत्त्व म्हणून गौरवले जाते त्याची दुसरी बाजू सात मिनिटांत उघडी पडते. एकाचे मौन शक्य होते, कारण दुसऱ्याने सर्व बोलण्याची आणि सर्व लक्षात ठेवण्याची जबाबदारी पत्करलेली असते.

व्हिल्हुनेन यांच्या ‘त्युत्त्यो निमेल्तॅ व्हार्पू’ (२०१६), म्हणजे ‘व्हार्पू नावाची मुलगी’, या चित्रपटात हा भार आईकडून मुलीकडे सरकला आहे. आईला मोटार चालवण्याची परीक्षा उत्तीर्ण होता येत नाही. शाळकरी वयाची व्हार्पू मात्र मोटार घेऊन, कधीही न पाहिलेल्या पित्याच्या शोधात उत्तरेकडे निघते. मोटार चालवणे या एका कामात दोन पिढ्यांचा संबंध सामावला आहे. मुलीचे धैर्य पाहून प्रेक्षक सुखावतो, परंतु त्या धैर्याची तिला गरज पडावी हीच अन्यायाची गोष्ट आहे, हेही त्याला कळत राहते. हा दुहेरी परिणाम साधणे सोपे नाही. या चित्रपटाला २०१७ मध्ये नॉर्डिक परिषदेचे चित्रपट-पारितोषिक मिळाले.

येन्नी तोइवोनिएमी यांचा ‘त्रेफ्फित’ (२०१२) हा लघुपट याच पद्धतीचा विनोदी नमुना होय. ‘त्रेफ्फित’ म्हणजे प्रियकर-प्रेयसीची ठरवून झालेली भेट. येथे ती भेट मांजरांची आहे. घरच्या बोक्याकडे दोन स्त्रिया आपली मांजरी घेऊन येतात, आणि त्या समागमाचे यजमानपद तीनो या किशोरवयीन मुलाला एकट्याने निभावावे लागते. लैंगिकतेविषयीचा त्याचा संकोच एका शब्दानेही सांगितलेला नाही. मोठ्या माणसांच्या कामात त्याला उभे केले आहे, एवढेच. आणि त्यातून पौगंडावस्थेतील सारी घालमेल प्रकट होते. २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात लघुपटांच्या आंतरराष्ट्रीय कथाविभागाचे परीक्षक-पारितोषिक या चित्रपटास मिळाले.

५

एवढ्यावरून फिनिश चित्रपटांत शब्दांना स्थानच नाही असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. योनास बेरीहॅल आणि मिका होताकाइनेन यांचा ‘मिएस्तेन वुओरो’ (२०१०) हा माहितीपट या संदर्भात निर्णायक आहे. सार्वजनिक बाष्पस्नानगृहात पुरुषांसाठी राखून ठेवलेली वेळ म्हणजे ‘मिएस्तेन वुओरो’. शब्दशः ‘पुरुषांची पाळी’. विवस्त्र बसलेले सामान्य पुरुष एकमेकांना आपल्या आयुष्यातील दुःखे सांगतात : दुरावलेली मुले, मृत्यू, व्यसन, एकाकीपण. ते बोलतात, रडतात, आणि ऐकणारा निखाऱ्यांवरील दगडांवर पाणी ओततो. अबोल म्हणून जगात ओळखले जाणारे हेच ते पुरुष. योग्य जागा, ठरलेला विधी आणि आपली पाळी मिळाली असता ते बोलू शकतात, ही गोष्ट स्वभावसिद्धांताला पुरेसे उत्तर आहे. त्याच वेळी एक मर्यादाही दृष्टीस पडते. पुरुषांच्या पाळीत पुरुष पुरुषांशी बोलतात. ज्यांच्याशी बोलणे अगत्याचे होते त्यांतील पुष्कळजण त्या खोलीत नाहीत.

तेमू निक्की यांच्या २०२१ मधील ‘टायटॅनिक पाहू न इच्छिणारा अंध मनुष्य’ या चित्रपटात शब्द हेच नात्याचे एकमेव साधन आहे. याक्को अंध आहे, चाकाच्या खुर्चीला खिळलेला आहे, आणि दूर राहणाऱ्या सिर्पा या रुग्ण स्त्रीशी त्याचे प्रेम दूरध्वनीवरून जुळलेले आहे. तिची प्रकृती खालावल्याचे कळताच तो एकट्याने तिच्याकडे जावयास निघतो. घरातून टॅक्सी, टॅक्सीतून स्थानक, स्थानकातून गाडी, असा प्रत्येक टप्पा त्याला अनोळखी माणसांच्या भरवशावर ओलांडायचा आहे. प्रमुख भूमिका करणारे पेत्री पोइकोलाइनेन हे स्वतः बहुविध काठिण्याच्या विकाराने दृष्टी गमावलेले नट आहेत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळून हलत नाही आणि भोवतालचे जग अस्पष्ट राहते. जेथे पात्र स्वतः काही करू शकत नाही तेथे इतरांची साधी मदत हीच कृती ठरते, आणि ती मिळते की नाही यावर प्रेमकथेचे भवितव्य अवलंबून राहते.

अल्ली हापासालो यांच्या २०२२ मधील ‘त्युत्योत त्युत्योत त्युत्योत’, म्हणजे ‘मुली मुली मुली’, या चित्रपटातील तरुणी तर आपल्या इच्छांविषयी उघडपणे आणि न लाजता बोलतात. तीन शुक्रवारांच्या या कथेतील एम्मा ही बर्फावरील नृत्यस्केटिंग करणारी खेळाडू आहे. एक विशिष्ट तिहेरी उडी तिला साधेनाशी झाली आहे. म्हणजे काम येथेही आहेच. परंतु मौनाशी त्याची गाठ बांधलेली नाही. पद्धती तीच राहिली आणि अबोलपणा गळून पडला, यावरून त्या दोहोंचा संबंध अपरिहार्य नव्हता हे दिसून येते.

६

या पद्धतीलाही धोके आहेत. कोणतीही काटकसर दीर्घकाळ यशस्वी ठरली की तिची लकब बनते. अमुक व्यवसाय, तमुक अडथळा आणि शेवटी एक हलके स्मित, अशा ठरावीक साच्यात विद्यार्थी-चित्रपट ओतणे फारसे कठीण नाही. आणि महोत्सवांतून अशा साच्याचे स्वागत होत असल्याने त्याचा मोह वाढतो. काम हे नुसते निमित्त राहिले, पात्राच्या निवडीवर त्याचा दाब पडला नाही, तर उरतो तो केवळ विक्षिप्तपणा. कुओस्मानेन यांच्याच ‘ह्युत्ती नुमेरो कूसी’ (२०२१), म्हणजे ‘डबा क्रमांक सहा’, या कान येथे ‘ग्रां प्री’ विभागून मिळालेल्या चित्रपटात हा धोका टळला आहे, तो का, हे पाहण्यासारखे आहे. प्राचीन शिलाचित्रे पाहण्यास मुर्मान्स्ककडे निघालेली लाउरा आणि खाणीत कामाला चाललेला ल्योखा यांच्यातील जवळीक कोणत्याही कबुलीने सिद्ध होत नाही. हिवाळ्यात तेथे पोचता येणार नाही असे सर्वजण सांगत असताना ल्योखा तिला तेथवर नेतो. त्या शिलाचित्रांत त्याला स्वतःला रस नाही. दुसऱ्याचे काम, त्याचे प्रयोजन स्वतःला न पटताही, आपले मानणे, ही या नात्याची व्याख्या होय; आणि तीत लकबीला जागा नाही.

तात्पर्य, या चित्रपटांच्या मूल्यमापनात ‘पात्रे किती कमी बोलतात’ हा निकष गौण मानला पाहिजे. चित्रपटाने आपल्या पात्रांसमोर कोणते काम ठेवले आहे, त्या कामाने त्यांच्या संबंधांवर खरोखर ताण पडतो की नाही, आणि तो ताण कोणाच्या खांद्यावर येतो याची चित्रपटाला जाणीव आहे की नाही, हे तीन प्रश्न अधिक फलदायी आहेत. यार्वांच्या रोजनिशीपासून व्हिल्हुनेन यांच्या सात मिनिटांपर्यंत जे चित्रपट टिकाऊ ठरले ते या तिन्ही प्रश्नांना उतरतात. संयम हा कलेत गुण आहे यात शंका नाही. परंतु घरातील एकाचा संयम दुसऱ्याच्या श्रमावर उभा असेल, तर तो श्रम दाखवल्याविना संयमाचे चित्र अपुरे राहते. फिनलंडमधील तरुण चित्रकर्त्यांनी, आणि विशेषतः स्त्री-दिग्दर्शकांनी, ही उणीव आपल्याच परंपरेच्या आत राहून भरून काढली, हे त्यांचे कार्य अबोलपणाच्या कीर्तीपेक्षा अधिक मोलाचे मानावे लागेल.